सँडमायर साहेबांची बॅचशीट

आमच्या कंपनीत बारा महिने तेरा काळ एकच तापमान असायचं. तीन. मे महिन्यात अंबरनाथच्या एमआयडीसीतलं डांबर चपलेला चिकटत असो, नाहीतर डिसेंबरात बदलापूरची मंडळी कानटोपी घालून कामावर येत असोत, आमच्या बॅचशीटवर दर अर्ध्या तासाला तीन अंश. कोणाला फारच कंटाळा आला तर दोन. आमचे ऑपरेटर रामदासदादा तर दोन-तीन-दोन, दोन-तीन-दोन असं आरतीच्या ठेक्यात लिहायचे, आणि जेवायला जायच्या आधीच संध्याकाळी पाचपर्यंतचे आकडे भरून मोकळे व्हायचे. जेवणानंतर पेन सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या तीनच्या राज्यात एक माणूस अकरा लिहायचा. मला त्यांच्याबद्दल सांगायचंय.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. तोंडावर सगळे 'सर' म्हणायचे आणि पाठीमागे 'सँडमायर साहेब', कारण आमच्या प्लांटमध्ये मुख्य रिॲक्शन तीच व्हायची, सँडमायर रिॲक्शन, आणि साहेब तिच्याविषयी घरच्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायचे. तुम्ही बारावीनंतर केमिस्ट्री सोडली असेल तर घाबरू नका, मी चटकन आटपते. बेंझिनच्या कड्यावर एक अमाइन बसलेलं असतं. ते उठवून तिथे क्लोरीन बसवायचा असतो. अमाइन सरळ सांगून उठत नाही, म्हणून आधी ॲसिड आणि नायट्राइट घालून त्याचं 'डायझो' करायचं, की ते जागा सोडायला एका पायावर तयार. मग ते डायझो तांब्याच्या क्षाराच्या गरम द्रावणात हळूहळू सोडायचं. नायट्रोजन फसफसत निघून जातो, क्लोरीन जागेवर बसतो, पुढे त्याचा कुठे रंग होतो, कुठे गोळी होते. एवढंच. फक्त ते डायझो भयंकर तापट. शून्य ते पाच अंशांत ठेवलं तर शहाण्यासारखं वागतं. वर गेलं की आपणहून फुटायला लागतं, काळं पडतं आणि भांड्याबाहेर यायला बघतं.

ते थंड ठेवायला आमच्याकडे ब्राइन प्लांट होता. सुरेख निळा रंग दिलेला. कस्टमर बघायला येणार असले की तो चालू करायचे. एरवी उल्हासनगर कॅम्प तीनच्या बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोने लाद्या यायच्या, त्या गोणपाटात घालून लाकडी मोगरीने फोडायच्या आणि सरळ भांड्यात टाकायच्या. मी कॅम्प तीनमध्येच राहते, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे टेम्पोला उशीर झाला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, जशी काही बर्फाची फॅक्टरी माझ्या माहेरची.

मी क्वालिटीत होते. कामाचं नाव मोठं होतं, पण खरं काम एकच, साहेबांच्या शीटा 'फेअर' करणं. म्हणजे त्यांनी लिहिलेलं बाजूला ठेवून, नव्या फॉर्मवर, सुवाच्य अक्षरात तीन-तीन-तीन उतरवणं आणि खाली 'तपासले' म्हणून सही ठोकणं. शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. आईबापांनी तेव्हा पेढे वाटले, त्याचं पुढे हे झालं.

साहेबांची कच्ची शीट म्हणजे वाचायला मजा होती. 'साडेदहा: चार अंश. अकरा: सहा. बर्फ बारीक फोडलेला नाही. साडेअकरा: सात. ढवळणी अडकते आहे. मेंटेनन्सला सांगितलं. ते बघतो म्हणाले. बारा: सात. मेंटेनन्स अजून बघत आहेत.' प्रत्येक नोंदीपुढे बारीकशी इनिशियल. कामाला लागले त्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या शहाणपणाने सांगायला गेले, "सर, पाचच्या वर लिहिता येत नाही."

"का? पेन चालत नाही?"

"तसं नाही सर, लिमिट पाच आहे."

"मग ते डायझोला जाऊन सांगा. मला कशाला सांगता? माझं तापमान नॉर्मल आहे."

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, की ठेवायची नसत, देव जाणे. सगळ्यांना ते खात्याने हाक मारायचे. "अहो क्वालिटी, इकडे या." "अहो स्टोअर, हातमोजे कुठे आहेत?" अकाउंट्समधल्या बाईंना एकदा त्यांनी भर बाजारात "अहो अकाउंट्स" म्हणून हाक मारली, त्या महिनाभर बोलल्या नाहीत. नावाने हाक फक्त रामदासदादांना. चिखलोली गावचे, सातवी शिकलेले, त्यांना मात्र "रामदासराव". मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भांड्याला हात लावून गरम की गार हे सांगणारा एवढा एकच माणूस इथे आहे. बाकी तुम्ही सगळे फॉर्मला हात लावून सांगता." मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

शर्टाच्या खिशात, लोक पेन लावतात तिथे, त्यांचा थर्मामीटर असायचा, पितळी नळीत घातलेला. कॅन्टीनचं ताक, पाणपोईचं पाणी, कशातही बुडवून बघायचे. माझ्या साखरपुड्याला आले, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी प्रेमाने 'थंडगार घ्या' म्हणून सरबताचा ग्लास पुढे केला, तर यांनी खिशातून नळी काढली. मंडपातली माणसं बघताहेत. "एकवीस," म्हणाले, "थंडगार म्हणू नका, बरं आहे म्हणा." मग पूर्ण ग्लास प्यायले आणि आणखी एक मागून घेतला. माझ्या सासूबाई अजून विचारतात, तो तुझ्याकडचा डॉक्टर कोण होता गं म्हणून.

'कसं काय सर' असं विचारायची तर सोय नव्हती. आपण सवयीने विचारतो, समोरच्याने सवयीने 'मजेत' म्हणायचं असतं. हे थांबायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरं. गेल्या सोमवारपेक्षा वाईट." हजेरीच्या वहीत सगळ्यांची वेळ आठ, त्यांची आठ वाजून सात मिनिटं. रजेच्या अर्जात लोक आज्जीला तिसऱ्यांदा मारतात. यांनी एकदा कारण लिहिलं होतं, 'घरी भांडण झालं आहे, ते अर्धवट सोडून येणं बरं दिसत नाही.' सेफ्टी वीकला आम्हाला अंगणात उभं करून शपथ द्यायचे, उजवा हात पुढे करून. 'मी काम करताना नेहमी सुरक्षा साधने वापरीन.' अकरा माणसांत गॉगल चार. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागच्या रांगेतून यांचा शांत आवाज आला, "मिळाल्यास." त्या वर्षी त्यांची पगारवाढ झाली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकदा ढवळणी बंद पडली म्हणून आम्ही रिकामे बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला सँडमायरची गोष्ट सांगितली. "तुम्हाला वाटतं तो कोणी मोठा प्रोफेसर असेल. मुळात उपकरणं बनवणारा कारागीर. लॅबमध्ये हाताखाली काम करायचा. करायला गेला एक आणि भांड्यात झालं भलतंच. आता तुम्ही असता तर वहीत काय लिहिलं असतं?"

मी पुढ्यातल्या फेअर शीटकडे पाहिलं.

"जे व्हायला पाहिजे होतं ते लिहिलं असतं, सुंदर अक्षरात. त्याने जे झालं ते लिहिलं. म्हणून आज आपण त्याच्या नावावर जेवतो. अहो, त्याने तुमच्यासारखं तीन लिहिलं असतं तर अर्धी एमआयडीसी आज केळी विकत असती."

आमचे मालक म्हणजे छोटे शेठ. मोठे शेठ सकाळी येऊन देवाला हार घालून जायचे, कारभार मुलाचा. छोटे शेठ माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाढदिवसाला केक आणायचे, माझ्या लग्नात मिक्सर दिला, तो अजून चालतोय. फक्त त्यांना वाटायचं की कागद बरोबर असला की माल बरोबर असतो. बाहेर कुठेतरी मॅनेजमेंट शिकून आले होते, तिथे त्यांनी तेवढं एकच नीट लक्षात ठेवलं असावं.

एका मोठ्या औषध कंपनीचे ऑडिटर आले तेव्हाची गोष्ट. ब्राइन प्लांट घरघरत होता, जिना पुसला होता, रामदासदादांना नवे बूट दिले होते आणि ते चावत होते. ऑडिटर शांत, बारीक चष्मा, फार बोलत नव्हते. त्यांनी भिंतीवरची शीट हातात घेतली आणि छोट्या शेठना हिंदीत विचारलं, "अभी टाइम क्या हुआ है?"

"पावणेतीन, सर."

"इसमें चार बजे का टेंपरेचर लिखा है. तीन डिग्री."

आता या प्रश्नाला उत्तर काय? दुसरा कोणी असता तर धरणीमाते पोटात घे म्हणाला असता. छोटे शेठ वळले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हे घड्याळ स्लो आहे ना? मी कधीपासून सांगतोय बदला." ऑडिटरने मनगटावरचं स्वतःचं घड्याळ पाहिलं. छोटे शेठ त्यांनाही घड्याळ बदलायला सांगतात की काय असं मला वाटून गेलं.

त्या दिवशी कंपनी वाचली ती साहेबांमुळे. ऑडिटर निघायच्या बेतात असताना हे आपल्या कपाटातून कच्च्या शीटांचे गठ्ठे घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवले, जसं कोणी पाहुण्याला पाणी द्यावं तितक्या सहज. ऑडिटर तासभर वाचत बसले. सात, नऊ, मेंटेनन्स बघत आहेत, बर्फ आला नाही, बॅच थांबवली, माल काळा आला, फेकला. मध्येच एकदा हसले. जाताना म्हणाले, इथे एक तरी माणूस भांड्याकडे बघतो, म्हणून तुम्हाला सहा महिने देतो, सुधारा.

मग आम्ही सुधारलो. कसे, ते ऐका. आधी एक सर्क्युलर निघालं, की वेळेआधी शीट भरू नये. ते वाचल्याच्या सह्या अख्ख्या वर्षाच्या एकाच दिवशी घेतल्या. आणि छोट्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, ऑडिटरला साहेबांचं रेकॉर्ड का आवडलं? कारण ते नॅचरल दिसतं. आपलं सगळं तीन-तीन, डोळ्यात येतं. आता असं करा, थोडं नॅचरल लिहा. तीन पॉइंट दोन, चार पॉइंट एक, मध्ये एखादा पाच पॉइंट चार आणि रिमार्कमध्ये 'बर्फ घातला'. पण साहेबांसारखं नको, सात-अकरा वगैरे. साधारण प्रामाणिक."

साधारण प्रामाणिक. मी एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकला, बटण दाबलं की दिवसभराची नैसर्गिक तापमानं पडायची. माझं कौतुक झालं, ग्रुपवर टाळ्यांचे हात आले. साहेबांनी तो कागद वाचला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "छान जमलंय. आता बॅच पण एक्सेलमध्येच करा, बर्फ वाचेल." मी हसले आणि घरी येऊन नीट जेवले नाही, हे कोणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतरचा मे. बर्फाचे भाव चढले म्हणून छोट्या शेठनी लाद्या कमी केल्या होत्या, ब्राइन प्लांट 'पुढच्या आठवड्यापासून' रोज चालणार होता. त्या दुपारी टेम्पो आलाच नाही. मी फोन केला तर बर्फवाले काका म्हणाले, "बेटा, सुबह से लाइट नहीं है, पानी का पानी पड़ा है." मी साहेबांना सांगितलं. त्यांनी भांड्यात थर्मामीटर घातला, शीटवर लिहिलं, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं काय लिहिलं ते. 'दीड वाजता: अकरा. बर्फ संपला. नायट्राइट बंद केलं. छोट्या शेठना फोन केला, बॅच थांबवतो म्हणालो. ते म्हणाले चालू ठेवा, उद्या माल निघायला हवा.'

आणि स्कूटर काढून ते स्वतः बर्फ शोधायला गेले. मी लॅबमध्ये आले. लॅबच्या खिडकीतून प्लांटचा दरवाजा दिसतो. थोड्या वेळाने छोटे शेठ प्लांटमधून बाहेर पडून भराभर केबिनकडे जाताना मला दिसले. त्यानंतर मिनिटभरात आवाज आला, प्रेशर कुकरचं झाकण सुटल्यासारखा, आणि तपकिरी फेस जिन्यावरून खाली यायला लागला.

वरच्या भांड्यातलं तापलेलं डायझो खालच्या तांब्याच्या क्षाराच्या भांड्यात एकदम सोडलं गेलं होतं. व्हॉल्व्ह रामदासदादांनी उघडला होता आणि ते खालीच उभे होते. डावा हात, खांदा, मानेची बाजू. सेफ्टी शॉवरखाली सेफ्टी वीकचे फलक रचून ठेवले होते, ते फेकून आम्ही त्यांना पाण्याखाली धरलं. साहेब परत आले तेव्हा स्कूटरच्या पायाशी गोणपाटात एक लादी होती, निम्मी वितळलेली. त्यांनी स्कूटर स्टँडवरही लावली नाही, तशीच आडवी टाकली आणि रामदासदादांना घेऊन रिक्षात बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला रडू येत होतं आणि मी शिक्क्याचं पॅड हातात घेऊन उभी होते, का ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटे शेठ केबिनमध्ये माझी वाट बघत होते. फॅक्टरी इन्स्पेक्टर दोन दिवसांनी येणार होते. "मॅडम, शीट फेअर करायची आहे. लिहा. दीड वाजता, चार पॉइंट आठ. बॅच थांबवली. ऑपरेटरला व्हॉल्व्ह न उघडण्याची सूचना दिली. दोन वाजून दहा, ऑपरेटरने सूचना न जुमानता व्हॉल्व्ह उघडला."

"पण सर, रामदासदादा काल शॉवरखाली म्हणत होते की तुम्हीच येऊन..."

"मी केबिनमध्ये होतो," छोटे शेठ म्हणाले. "कोणी पाहिलंय मला?"

मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "नाही सर." आता हे लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण साधारण प्रामाणिक राहण्याचे दिवस संपलेत माझे. रामदासदादांच्या डोक्यावर दोष आला तर त्यांची नोकरी जाणार, उपचाराचा खर्च त्यांच्या गळ्यात पडणार, आणि भाजलेल्या हाताने पुढे त्यांना कोणी कामावर घेणार नाही, हे मला कळत होतं. सगळं कळून मी फॉर्म घेऊन टेबलावर बसले.

तेव्हा कच्ची शीट उघडली. साहेबांनी संध्याकाळी हॉस्पिटलमधून परत येऊन पुढच्या नोंदी केल्या होत्या. 'दोन वाजता: बर्फ आणायला बाहेर गेलो. जाण्यापूर्वी रामदासरावांना व्हॉल्व्ह उघडू नका, हे सांगायचं राहिलं. त्यांनी नेहमीच्या क्रमाने काम केलं.'

हा माणूस आपल्याच हाताने आपली मान देत होता. अधिकाऱ्याने सांगायचं ते सांगितलं नाही, म्हणजे संपलं. मी ठरवलं, आयुष्यात एकदा खरं लिहायचं. छोट्या शेठचं चार पॉइंट आठ बाजूला सारलं, अकरा लिहिलं, बर्फ संपला लिहिलं, छोट्या शेठचा फोन लिहिला. सगळं जसंच्या तसं. फक्त साहेबांच्या चुकीची ती ओळ गाळली. आणि मोठ्या अभिमानाने त्यांना नेऊन दाखवलं. मला वाटलं, आज तरी म्हणतील, अहो क्वालिटी, जमलं.

त्यांनी वाचलं. "दोनची नोंद कुठे आहे?"

"सर, ती नको. तुमची नोकरी जाईल."

"ती ओळ माझी नाही, रामदासरावांची आहे," ते म्हणाले. "त्यांना थांबायला सांगितलं होतं असं ठरलं की ते दोषी. सांगितलंच नव्हतं तर ते रोजचं काम करत होते. तुम्ही मला वाचवायला त्यांना दुसऱ्यांदा भाजताय. लिहा परत."

मी तिथेच बसून लिहिलं, जसंच्या तसं. वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मूळ शीटवर प्रत्येक नोंदीपुढे इनिशियल आहे, या एका ओळीपुढे नाही. म्हटलं, "सर, इथे इनिशियल राहिलं."

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "असू दे. तुम्ही तपासले म्हणून सही करा, चालेल." मी केली.

इन्स्पेक्टर आले. मी छोट्या शेठकडे न जाता कच्ची आणि फेअर, दोन्ही शीटा सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. इन्स्पेक्टरनी साहेबांना विचारलं, "हे असंच घडलं?" साहेब म्हणाले, "लिहिलेलं तुमच्या हातात आहे." छोटे शेठ आधी माझ्याकडे असे बघत होते की मी मिक्सर परत आणून द्यावा. पण दोनची ओळ वाचून झाली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. रामदासची चूक नाही, कबूल. फोनचं काय, बॅच चालू ठेवा असं तर कोणीही मालक म्हणतो, बघायचं काम ऑफिसरचं. आणि ऑफिसरने स्वतःच लिहून दिलंय. सगळ्यांचं सगळं सुटलं. रामदासदादांच्या उपचारांचा खर्च कंपनीने केला, नोकरी राहिली, गेटवर हलकं काम मिळालं. साहेबांना त्याच आठवड्यात पत्र मिळालं. त्यात पहिल्या वाक्यात कंपनीला त्यांच्या प्रामाणिकपणाचा अभिमान होता आणि दुसऱ्या वाक्यात त्यांना काढलं होतं.

त्यांचा अनुभवाचा दाखला मीच टाइप केला आणि बदलापूरला घरी नेऊन दिला. छोट्या शेठनी मोठ्या मनाने त्यात 'स्वखुशीने राजीनामा दिला' असं घालायला लावलं होतं, म्हणजे पुढे अडचण नको. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, पेन घेतलं, 'स्वखुशीने राजीनामा दिला' खोडलं आणि वर 'काढून टाकले' असं लिहिलं.

"सर, असा दाखला घेऊन कोण नोकरी देईल तुम्हाला?"

"नसेल देत. पण मी राजीनामा दिलेला नाही ना."

"मग काढायचं कारण काय लिहू?"

"कारण लिहू नका," ते म्हणाले, "जागा मोकळी सोडा."

तसाच दाखला दिला. त्यावर त्यांना कोणी प्लांटवर घेतलं नाही. हल्ली बदलापुरात एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात. क्लासच्या मालकाने जाहिरातीत यशाची हमी छापली, तर हे पहिल्याच पालकसभेत म्हणाले की हमी देता येत नाही, आणि एका आईला म्हणाले, तुमच्या मुलीला चित्रकला जमते, तिला तिकडे घाला. तरी मुलं त्यांच्याकडेच जातात म्हणे.

मीही नंतर ती कंपनी सोडली. गेल्या महिन्यात चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला गेले होते. गाव म्हणून ओळखू येत नाही आता, जिकडेतिकडे क्रेन. रस्त्यात रामदासदादा भेटले. हात बरा होता, नुसती कातडी आवळलेली. जबरदस्तीने घरी घेऊन गेले, वहिनींनी चहा टाकला. बोलता बोलता साहेबांचा विषय निघाला. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदाच विसरले बिचारे, तुम्हाला सांगायचं, आणि त्यात सगळं गेलं.

"कोन इसरला?" रामदासदादा म्हणाले. "मना सांगला व्हता त्यांनी. दोन वेला सांगला, रामदासराव, कॉक खोलू नका, मी येतो. मंग छोटा शेठ आला, बोलला खोल. मालक तो. मी खोलला."

मी कप खाली ठेवला. "मग इन्स्पेक्टर आले तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"सायेब आले व्हते ना हॉस्पितलान. बोलले, रामदासराव, तुम्हाला काय आठवत नाय. मी बोललो, सायेब, मना सगला आठवते. ते बोलले, नाय आठवत. आनि माझे उशाशी बसून राहिले." त्यांनी आवळलेला हात मांडीवर ठेवला. "मी इसरलो मंग."

वहिनी विचारत होत्या, साखर कमी झाली का. छोट्या शेठनी केबिनमध्ये मला जी ओळ सांगितली होती, ऑपरेटरला सूचना दिली, ती एवढी एकच त्यांची खरी होती. साहेबांची शेकडो खरी तापमानं मी तीनवर आणून बसवली. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात लिहिलेली एकुलती एक खोटी ओळ मी काना-मात्रा न बदलता, बक्षीस मिळालेल्या अक्षरात उतरवली, आणि खाली 'तपासले' लिहून सही केली.